हलका क्लच

"कमला, इथलं घमेलं कुठं गेलं?"

नागसेन थूल यांनी अंगणातून आवाज दिला तेव्हा त्यांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं. नालवाडीतल्या त्या अंगणात, कडुनिंबाखाली, दोन महिन्यांपासून एक जुनी फियाट उघडी पडली होती. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, इंजिन झाडाच्या फांदीला साखळी बांधून बाहेर काढलेलं आणि शाळेच्या एका जुन्या बाकावर मांडलेलं. बाकाखाली लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची रांग होती आणि प्रत्येक बरणीवर थूल साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'डायनामोचे नट, डावीकडील', 'कार्बोरेटरचे बारीक स्क्रू, चार, पैकी एक हरवला'. पाणीपुरवठ्यात तेहेतीस वर्षं शाखा अभियंता म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर गाडीचं इंजिन स्वतःच्या हातांनी बांधायचं, कोण्या मिस्त्रीचा हात तिला लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कमलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कोणतं घमेलं?"

"अवं ते काळं. त्यात क्लच होता. काल संध्याकाळीच काढला मी. आज फोटो काढणार होतो."

"ते काय? ते तानबाले देऊन टाकलं."

"कोणत्या तानबाले?"

"भंगारवाल्या. आपल्या दारात दुसरा कोणता तानबा येते? बदल्यात चहाचं गाळणं देल्लं त्यानं. पाहा, जाळी चांगली आहे."

साहेबांनी गाळण्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चप्पल पायात सरकवली, स्कूटीला किक मारली आणि तानबाचं खोपटं गाठलं. तानबा झाडाखाली बसून निवांत तंबाखू मळत होता.

"साहेब, माल तर गेला. सकाळीच टेम्पो येऊन गेला ना."

"कुठं गेला?"

"नागपूरले."

"तिथं काय करते त्याचं?"

"गाळते." साहेबांचा चेहरा पाहून तानबाला वाटलं, दोन शब्द बरे बोलावेत. "चांगलं लोखंड होतं जी तुमचं. सळाखी होतीन त्याच्या. कोणाच्या तरी घराले लागन."

अशा रीतीने जुना क्लच हातचा गेला. पण साहेब खचले नाहीत. क्लच तसाही नवाच घालायचा होता. ते तडक वर्ध्याला नीलेशच्या दुकानी गेले. नीलेश जुन्या गाड्यांचे सुटे भाग कुठूनकुठून मागवून द्यायचा, आणि त्याच्यासारखा शहाणा पोरगा त्या धंद्यात दुसरा नव्हता, असं साहेब स्वतःच लोकांना सांगत.

"काका, नमुना आणला का?" नीलेशने विचारलं.

"नमुना नाई. नाव सांगतो. फियाटचा क्लच."

"तसं नाई जमत काका. फियाटमधी दोन परकार येते. एक तीन बोटांचा. त्याच्या कव्हरात गोल फिरून स्प्रिंगा असते आन् मधात तीन लोखंडी बोटं. दुसरा पाकळीचा. त्यात एकच ताटलीसारखी पट्टी असते, चिरा पाडलेली, फुलावानी. पाहिलं तर पोट्टंही सांगन कोणता ते. पण पाहावं लागते."

"तीन बोटांचा," साहेब म्हणाले.

"बोटं मोजली होती?"

"स्प्रिंगा पाह्यल्या मी. माया डोळ्यानं."

"कुठं पाह्यल्या? कव्हरवर, का प्लेटीवर?"

"स्प्रिंग ते स्प्रिंग."

नीलेशने डोकं खाजवलं. "काका, जे प्लेट घासते ना, तिच्या मधात स्प्रिंगा दोनी परकारात असते. त्याच्यावरून समजत नाई. कव्हर कसं होतं ते सांगा."

आता खरं सांगायचं तर कव्हर कसं होतं, हे साहेबांनी पाहिलंच नव्हतं. तीस वर्षांचं तेल आणि धूळ बसून तो क्लच म्हणजे काळा लाडू झाला होता. तो खरवडून, पुसून मग नीट फोटो काढायचा, असा त्यांचा बेत होता. आदल्या संध्याकाळीच काढला असता, पण नातेवाइकांच्या 'सुप्रभात'च्या फुलांनी मोबाइल गळ्यापर्यंत भरला होता. फोटो घ्यायला जागा नव्हती. ती फुलं पुसता पुसता अंधार पडला. पण हे सगळं नीलेशला कसं सांगणार?

त्यांनी पिशवीतून गाडीचं जुनं पुस्तक काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे वाच. माही गाडी सत्तरची. सत्तरच्या गाडीले तीन बोटं. चित्र आहे."

"ते बराबर. पण मधात कोणी बदलला असन तर?"

"कोण बदलन? एक्याण्णवपासून गाडी मायाजवळ आहे. मले न सांगता तिचा एक नट कोणी फिरवला नाई."

नीलेशने वहीत 'तीन बोटांचा' असं लिहून घेतलं. गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा, याला मर्यादा असते.

क्लच यायला आठ-दहा दिवस लागणार होते, आणि साहेबांना घाई होती. नालवाडीच्या जयंती मंडळाच्या बैठकीत त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं होतं की यंदा चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो त्यांच्या फियाटवर निघेल. मंडळाने टाळ्या वाजवल्या. पुण्याहून मोनाली, त्यांची एकुलती एक मुलगी, रजा टाकून येणार होती. गाडी गेली सोळा-सतरा वर्षं जागेवरच होती, पण तिच्या कीर्तीत खंड पडला नव्हता, कारण साहेब तिच्याविषयी बोलायचे थांबले नव्हते. विशेषतः तिच्या क्लचविषयी.

"फियाटचा क्लच म्हणजे दगड," ते सांगत. "भल्याभल्यांची पोटरी भरून येते. पण माया गाडीचा क्लच? लोण्यावानी. पाय मुरावा लागते गड्या. पहिले माया गाडीचाही जडच होता. पंच्याण्णवले दोन महिने नाशकाले टरेनिंगले गेलतो. तिथं रोज सकाळी पाच मैल चालवत. परत येऊन गाडीत बसलो, तर क्लच असा हलका! पाय तयार झाला होता."

ही गोष्ट त्यांनी लग्नांत सांगितली होती, तेराव्यांना सांगितली होती, आणि निरोप समारंभाच्या भाषणातही सांगितली होती. कमलाबाई प्रत्येक वेळी जवळच कुठंतरी बसलेल्या असत.

रात्रीच्या जेवणाला कमलाबाई सहज म्हणाल्या, "मी म्हणते, तो दुसरा फुलावाला बोलावून पाह्यला तर?"

"फुलावाला?"

"तुमीच नाई का मोनालीले फोनवर सांगत होते. पाकळीचा."

"अवं, तो क्लच आहे, गजरा नोहे. आवडला तो घ्यायले."

कमलाबाईंनी भाकरीवर भाजी वाढली आणि विषय सोडला.

क्लच आला. साहेबांनी तो इंजिनाच्या जाड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर ठेवून पाहिला. कव्हराला सहा छेद, चाकालाही सहा छेद, पण एकाही छेदासमोर दुसरा छेद येईना. त्यांनी कव्हर फिरवलं, पुन्हा फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं. मग नीलेशकडे जाऊन तो परत केला आणि दुसरा मागवला. दुसरा यायला आणखी नऊ दिवस गेले. त्याचे छेदही पहिल्यासारखेच कुठल्या कुठं.

"काका, आता तरी ऐका," नीलेश म्हणाला. "छेद जुळत नाई म्हणजे क्लच दुसऱ्या परकारचा असन."

"किंवा चाक चुकीचं असन," साहेब म्हणाले.

"चाक तुमच्याच गाडीचं आहे ना?"

"म्हणूनच. पुस्तक चुकत नाई. पुस्तकात तीन बोटं आहे, म्हणजे तीन बोटं. चाकाले नवीन छेद पाडून घेतो."

नीलेशने कानाला हात लावले. एमआयडीसीतल्या लेथवाल्यानेही छेद पाडण्याआधी तीनदा विचारलं, "साहेब, नक्की ना? पाडलेला छेद बुजत नाई." साहेबांनी तिन्ही वेळा पुस्तक उघडून दाखवलं. चाक घरी आलं तेव्हा ते अंगणात ठेवून साहेब आंघोळीला गेले, आणि परत येऊन पाहतात तर कमलाबाई त्याच्याकडे टक लावून पाहत उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"नवीन छेद पाडले?"

"हो."

"मंग पहिले छेद काऊन होते त्याले?"

प्रश्न साधा होता. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसे, त्याला त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं.

"तुले नाई समजणार ते."

कमलाबाई आत निघून गेल्या.

तेरा एप्रिलच्या संध्याकाळी गाडी जुळली. बरण्या रिकाम्या झाल्या, फक्त सात नट उरले, आणि साहेबांच्या मते ते कंपनीने जास्तीचेच दिले असावेत. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. मोनालीने टाळ्या वाजवल्या. गल्लीतली माणसं जमली. गाडी चालवून पाहण्याइतका उजेड उरला नव्हता आणि साहेबांच्या कमरेतही जोर उरला नव्हता. गाडी दाराकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये अडकवून, चाकाखाली वीट देऊन त्यांनी उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच अंगण भरलं. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, लेझीमवाल्या मुली. बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो घेऊन मंडळाची माणसं फाटकाशी उभी होती. समोरच्या घरातल्या प्रमिलाबाईंनी त्यांच्या दारापुढे खाटेवर दोन पायल्यांच्या कुरड्या वाळत घातल्या होत्या. चैत्राचं ऊन कोणाच्या जयंतीसाठी थांबत नाही, आणि कुरड्याही थांबत नाहीत.

साहेब पांढरा शर्ट घालून गाडीत बसले. डाव्या पायाने क्लच दाबला. तो जड होता. नुसता जड नव्हे, जात्यावर पाय ठेवावा तसा. नवा आहे, मुरेल, असं मनाशी म्हणत त्यांनी तो दोन्ही पायांनी तळापर्यंत दाबला. कोणीतरी वीट काढली. साहेबांनी किल्ली फिरवली.

फियाटने उडी मारली.

"साहेब, क्लच! क्लच दाबा!" मंडळाचे किसनराव ओरडले.

"दाबलेलाच आहे!" साहेब आतून ओरडले, आणि हे अक्षरशः खरं होतं. दोन्ही पाय क्लचवर होते. म्हणूनच ब्रेकवर एकही नव्हता.

गाडी फाटकातून बाहेर पडली, फोटो धरलेली माणसं बाजूला झाली हे नशीब, आणि तिने गल्ली ओलांडून प्रमिलाबाईंची खाट बॉनेटवर घेतली. काचेवर कुरड्यांचा थर बसला. साहेबांनी हाताला लागेल ते बटण ओढलं. ते वायपरचं निघालं. दोन वायपर मोठ्या निष्ठेने कुरड्या डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे करू लागले. शेवटी प्रमिलाबाईंच्या दारातल्या विजेच्या खांबाला टेकून गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. वायपर मात्र चालूच होते.

"अवो साहेब!" प्रमिलाबाई दोन्ही हात डोक्याला लावून उभ्या होत्या. "तीन दिवसांचा चीक होता जी माया!"

फोटो शेवटी ई-रिक्षावर निघाला. ई-रिक्षाला क्लच नसतो. मिरवणूक पुढे गेली. साहेब सगळ्यांच्या मागे चालत होते, आणि त्यांच्या शर्टच्या खिशात कुठून तरी एक अख्खी कुरडई शिरून बसली होती. मोनाली त्यांच्याजवळ आली. "बाबा, कुठं लागलं नाही ना?" तिने विचारलं. मग ती कुरडई पाहिली आणि तोंडावर ओढणी धरून पुढे पळाली.

त्या दिवशी साहेब नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा सगळं उघडलं, तीन बोटांचा क्लच कापडी पिशवीत घातला आणि कोणाला न सांगता एसटी पकडून नाचणगावला गेले. नोकरीची ऐन वर्षं त्यांनी तिथंच काढली होती. तिथं हिरालाल मिस्त्री होता. फियाटच्या पोटात काय आहे, हे कान लावून सांगणारा माणूस. इतके दिवस साहेब त्याच्याकडे गेले नव्हते, कारण चौथी शिकलेल्या माणसाला इंजिनिअरने काय विचारायचं!

हिरालाल आता ऐंशीला आला होता. गॅरेज मुलाने बंद करून तिथं मोबाइलचं दुकान काढलं होतं. तो ओसरीत खुर्चीवर बसला होता. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण पिशवीतला क्लच हातात घेताच त्याची बोटं त्यावरून भराभर फिरली.

"हा कोणाचा?"

"माया गाडीचा."

"नाई साहेब. तुमच्या गाडीचा नाई हा. तुमच्या गाडीत तर पाकळीवाला आहे. मीच टाकला. चाकासकट बदलला, नव्या गाडीचं चाक शोधून आणलं. क्लच दाबणारं बेअरिंगही त्याचंच टाकलं. त्या बेअरिंगवर हा लावला काय तुमी? मंग कितीही दाबा, क्लच सुटनच कसा?"

साहेब ओसरीच्या पायरीवर टेकले. "कधी टाकला?"

"पंच्याण्णवचा उन्हाळा."

"मी कुठं होतो?"

"तुमी नाशकाले होते ना, टरेनिंगले."

"मंग गाडी कोणं आणली तुमच्याकडं?"

हिरालालची बोटं थांबली. "त्यायनं शपथ घातली होती. पण आता किती दिवस राहिले माये. भाभीनं आणली."

"कमलानं? ढकलत?"

"ढकलत काऊन? चालवत."

मग हिरालालने सगळं सांगितलं. कमलाबाई एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, मिस्त्रीदादा, मले गाडी शिकवा. हिरालालची बायको मागे बसायची, त्या दोघी मिळून घाम पुसायच्या, आणि हिरालाल बाजूला बसून शिकवायचा. आठव्या दिवशी चढावर गाडी धरून ठेवता ठेवता जुना क्लच जळाला. वास सुटला. भाभी रडायला लागल्या.

"मी म्हणलं, भाभी, शिकताना सगळेच जाळते. नवीन टाकाचाच आहे, तर हलका टाकतो. त्या तीन बोटाच्यानं त्यायचा पाय थरथरे. पाकळीवाला मुलायम असते. त्याच्यानं मंग महिनाभर चालवली."

"कशी चालवे?" साहेबांनी विचारलं.

हिरालालने क्लच परत पिशवीत घातला. "तुमच्यापेक्षा चांगली, साहेब. गुस्सा नका होऊ."

परतीच्या एसटीत साहेब खिडकीशी बसले होते. त्यांना एकेक लग्न आठवत होतं. एकेक तेरावं. निरोप समारंभात 'पाय मुरावा लागतो' म्हणताना समोर पहिल्या रांगेत बसलेली कमला. ती तेव्हा टाळ्या वाजवत होती. इतर सगळ्यांसारख्याच. देवळी गेली तरी त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम होत्या.

घरी कमलाबाई सुपात तूरडाळ घेऊन निवडत बसल्या होत्या. साहेब समोर पाटावर टेकले.

"हिरालाल भेटला."

सुपातला हात थांबला. "बरा आहे?"

"बरा आहे. दिसत नाई बरोबर." मग सुपाकडे पाहत, "तू सांगतलं नाई कधी."

"तुमी विचारलं नाई कधी."

"काऊन शिकली?"

कमलाबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. "तुमी नाशकाले गेले आन् चौथ्या दिवशी मोनालीले ताप आला. दुपारचे दोन वाजले होते, मे महिना. रिक्षा नाई, माणूस नाई. पोरगी आगीवानी तापलेली. ओल्या टॉवेलात गुंडाळली आन् खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत पायी गेली. जातानी आपल्या गाडीजवळूनच गेली. सावलीत उभी होती. धुतलेली."

साहेबांना धुतलेली गाडी आठवली. जाताना त्यांनीच धुऊन, पुसून, किल्ली कपाटात ठेवली होती. आणि त्याच्याही आधीचं आठवलं. एका रविवारी हिने विचारलं होतं, मले शिकवता का? आणि घरी आलेल्या दोन सहकाऱ्यांसमोर ते हसून म्हणाले होते, "क्लच म्हणजे पोळपाट वाटला काय तुले?" सहकारीही हसले होते. किती हसले होते सगळे.

"मंग मी आल्यावर तरी सांगाचं होतं."

"सांगणार होती. पण तुमी आल्याआल्या गाडीत बसले, एक चक्कर मारली आन् आत येऊन म्हणले, कमला, क्लच पाहा कसा हलका झाला, पाय तयार झाला माया. इतके खूश होते तुमी. म्हणलं, राहू दे."

"आन् भंगारात?"

"तुमी फोटो काढून नीलेशले दाखवणार होते. तो म्हणला असता, साहेब, हा तर मागून बसवला. मंग साऱ्या जगात तुमचं..." त्यांनी सूप हलवलं. "म्हणून तर मंग म्हणत होती, फुलावाला आणून पाहा. चाकाले छेद पाडसान, असं मले वाटलंच नोहतं. ते पाहून लई वाईट वाटलं मले. चांगलं चाक होतं."

साहेबांना बोलायचं होतं. तेहेतीस वर्षं त्यांनी अहवाल लिहिले होते, शेरे मारले होते, पण या प्रकरणावर काय शेरा मारायचा हे त्यांना कळेना. ते सुपातले खडे वेचू लागले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांनी खड्यांबरोबर बरीच डाळही वेचली. कमलाबाईंनी ती परत सुपात टाकली.

पाकळीचा क्लच आला तेव्हा नीलेश एक शब्दही बोलला नाही, हे त्याचे उपकार. चाकाचे जुने छेद शाबूत होते. सहाच्या सहा बोल्ट बोटाने फिरवत बसले. गाडी लोण्यासारखी चालू लागली. पहिली चक्कर प्रमिलाबाईंना कुरड्यांचे गहू आणून देण्यासाठी झाली.

रविवारी सकाळी साहेब कमलाबाईंना घेऊन नालवाडीबाहेरच्या ले-आउटवर गेले. प्लॉटचे दगड रोवले होते, घरं अजून उठली नव्हती, मोकळी जमीन चांगली लांबवर पसरली होती. तिथं मधोमध गाडी थांबवून ते खाली उतरले, फेरा घालून डावीकडच्या दाराशी आले आणि दार उघडून उभे राहिले.

"सरक तिकडं," ते म्हणाले.

"काही तरीच तुमचं."

"सरक ना."

"लायसन नाई माये."

"इथं कोण मागते? बकऱ्या?"

कमलाबाई सरकल्या. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. मग डावा पाय उचलून क्लचवर ठेवला. दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. त्यांनी ओठ दाबून पुन्हा जोर केला. गुडघा कटकन वाजला. त्यांनी पाय खाली घेतला.

"नाई जात आता," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, जिना तरी कुठं चढता येते मले."

जगात बसवता येईल असा सगळ्यात हलका क्लच या गाडीत बसवला होता, आणि तरी तो दाबायला आता उशीर झाला होता. साहेबांनी समोर पाहिलं, मग खाली पाहिलं. फियाटची पुढची सीट म्हणजे एकच लांब बाकडं. ते सरकत सरकत कमलाबाईंना अगदी खेटून बसले, आणि आपला उजवा पाय पलीकडे टाकून क्लचवर ठेवला.

"हे काय करून राह्यले? कोणी पाह्यलं तर?"

"तू बाकीचं पाह्य. क्लच मायाकडं. म्हणशील तवा दाबतो."

कमलाबाईंनी किल्ली फिरवली. "दाबा." साहेबांनी दाबला. स्टीअरिंगखालचा गिअर कमलाबाईंनी एका झटक्यात पहिल्यात टाकला, न पाहता. "सोडा. हळू. हळू म्हणते ना!"

गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"असा सोडते का कोणी क्लच?" कमलाबाई म्हणाल्या. "आधी अर्धा. मंग थांबाचं. मंग बाकीचा."

"बरं," साहेब म्हणाले.

तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली. कमलाबाईंनी दगड चुकवत पूर्ण फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. दुसरा गिअर मागताना त्या नुसतं "हं" म्हणत आणि साहेब दाबत. मान वाकडी करून पेडलकडे बघत असल्यामुळे त्यांना रस्ता दिसत नव्हता. पोटरीत गोळा आला होता, पण ते बोलले नाहीत. पाचव्या फेरीनंतर कमलाबाईंनी स्वतःच गाडी थांबवली आणि किल्ली बंद केली.

"तवा कुठंलोक नेली होती गाडी?" साहेबांनी विचारलं.

"तवा?" कमलाबाई समोरच्या काचेतून पाहत म्हणाल्या. "शेवटच्या आठवड्यात एकटी गेली होती एकडाव. हिरालालभाऊलेही नाई सांगतलं. पुलगाव पार करून नदीच्या पुलापर्यंत. पुलाजवळ थांबली. खाली पाणी नोहतं, पण हवा चांगली येऊन राह्यली होती. पल्याडचा रोड दिसत होता, धामणगावकडचा. मोठा सरळ रोड होता."

"गेली नाई पल्याड?"

"नाई. म्हणलं, पल्याड यांच्यासंगच जाऊ. हे आले की सांगू, आन् मी चालवत नेईन."

साहेबांचा पाय अजून क्लचवरच होता.

"मंग?"

"मंग काय," कमलाबाई म्हणाल्या. "मंग तुमी आले."